साडेसहाशेची क्लिप-लेन्स, एक पावसाळा आणि आमची दोण

आधी वाईट ते सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जातील. क्लिपची स्प्रिंग गणेशचवथीच्या आत गंजली. लेन्सच्या आत ऑगस्टमध्ये बुरशीचा एक कोळी बसला, तो अजून हललेला नाही. मोबाईलचं कव्हर काढल्याशिवाय क्लिप बसत नाही, आणि कव्हर काढलेला मोबाईल ओल्या हातात धरून विहिरीजवळ उभं राहणं हा काय प्रकार आहे, ते पासष्टी ओलांडलेल्या माणसाला विचारा.

आता वस्तू. मोबाईलला चिमट्यासारखी लावायची मॅक्रो लेन्स, मेच्या शेवटी म्हापशाच्या बाजारातून घेतली, 650 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असल्या डब्यांवर दर दोन महिन्यांनी नवं नाव येतं आणि आत माल तोच असतो. डब्यावर सोनेरी अक्षरांत ‘15 एक्स’. एकतीस वर्षं उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवलं असल्यामुळे छापील आकड्यावर विश्वास ठेवायची सवय नाही. पट्टी ठेवून फोटो काढला आणि पडद्यावर दुसरी पट्टी धरली. एक मिलिमीटरचे जेमतेम नऊ झाले. बोटांनी ताणलं की पंधरा होतात, पण बोटांनी ताणायला लेन्स कशाला? तरी नऊ म्हणजे काही कमी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हातभिंग, वस्तू आणि डोळा यांचं त्रैराशिक मला जमेनासं झालं होतं. इथे निदान पडद्यावर दिसतं, आणि नातीलाही त्याच वेळी दिसतं.

लेन्स वस्तूपासून दोन बोटांवर धरावी लागते. नखाच्या जाडीएवढाच थर स्पष्ट येतो, बाकी सगळं धुकं. कडेचा भाग ताणल्यासारखा दिसतो, म्हणून बघायचं ते मधोमध हवं. नव्या मोबाईलना तीन-चार कॅमेरे असतात, आणि तुम्ही क्लिप लावलेल्या कॅमेऱ्यावरून मोबाईल आपल्या मर्जीने दुसऱ्यावर उडी मारतो. पहिले दोन दिवस मी लेन्सलाच शिव्या घालत होतो. मुख्य कॅमेरा कसा धरून ठेवायचा ते शेवटी चौथीतल्या नातीने दाखवलं.

एवढ्यावर परीक्षण संपलं असतं आणि मी अडीच तारे देऊन गप्प बसलो असतो. पण आम्ही राहतो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, आणि सत्तरीत जून येतो.

आमच्या विहिरीजवळ चिऱ्याची जुनी दोण आहे. गोठ्यात गुरं होती तेव्हा त्यांना पाणी पाजायची. आता तिच्यात पावसाचं पाणी, शेवाळ आणि फणसाची पानं. पहिला जोराचा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दोणीच्या आतल्या काठाला पांढरा फेस चिकटलेला दिसला, साबणाचं पाणी घुसळून लावावं तसा. न्हाणीत रात्री भिंतीला चिकटून बसतो ना, तो तांबूस झाडबेडूक, त्याची ही करामत. मादी पाण्याच्या वर फेसाचं घरटं बांधते, अंडी त्यात, आणि पिल्लं काही दिवसांनी टपाटप खाली पाण्यात. ही आमची पहिली बॅच.

दुसरी बॅच योगायोगाने सापडली. बायको अबोलीच्या कुंड्या हलवत होती. एका कुंडीत कुजलेल्या पानांखाली साबुदाण्यासारखं काही दिसलं. भिजलेला साबुदाणा, जरा मोठा, आणि प्रत्येक दाण्यात एक फिकट ठिपका. मोजले तर सतरा. ती म्हणाली, गोगलगायीची अंडी, टाकून देते. मी कुंडी ताब्यात घेतली. रात्री त्याच बाजूने टिक-टिक-टिक असा टाइपरायटरसारखा आवाज येत होता, म्हणून मला शंका होती ती खरी निघाली. राओर्केस्टिस नावाच्या गटातले अंगठ्याच्या पेरात मावणारे झुडूपबेडूक, आपल्या सह्याद्रीत यांच्या कितीतरी जाती आहेत. यांची अंडी पाण्यात जातच नाहीत.

मग रोज सकाळी साडेसातला, चहा झाल्यावर, आजोबा-नातीची ड्युटी सुरू झाली. दोणीतला एक बेडूकमासा चमच्याने पांढऱ्या बशीत, थोड्या पाण्यात. फोटो. परत दोणीत. कुंडीतली अंडी जागेवरच, फक्त वरचं पान बाजूला करून. फोटो. पान परत. वहीत तारीख.

सातव्या दिवशीपर्यंत दोन्हीकडे फारसं काही नाही. नवव्या दिवशीची दोन चित्रं मात्र मी मोबाईलमधून काढून छापून घेतली आहेत, वाळपईला जाऊन, प्रत्येकी वीस रुपये देऊन.

पहिल्यात दोणीतलं पिल्लू: डोकं आणि शेपटी. दुसरं काही नाही. तोंडाला काळी चोच आणि तिच्याभोवती बारीक दातांच्या रांगा, त्यांनी ते बशीच्या कडेचं शेवाळ खरवडत होतं. पायाचा पत्ता नाही. दुसऱ्यात कुंडीतलं अंडं: पारदर्शक गोळ्याच्या आत एक अळीसारखं बाळ पिवळ्या बलकाला मिठी मारून बसलंय, आणि त्याच्या अंगाला चार कोंब फुटलेत. चार. पुढचे दोन, मागचे दोन, तिळाएवढेसुद्धा नसतील. चोच नाही, दातांच्या रांगा नाहीत. शेपटी आहे, पण पोहायची नव्हे. बटर पेपरसारखी पातळ, तांबड्या रेघांच्या जाळीची, अंड्याच्या भिंतीला चिकटवलेली. ती श्वासासाठी. नऊ पट मोठं करून रक्त धावताना दिसत नाही, पण काळीज उडताना दिसतं. नातीने तिथे बोट लावायला हात पुढे केला आणि पडद्यावर सगळं धुकं झालं.

“आबा, ह्याला पाय आधी आले. त्याला का नाही?”

एकतीस वर्षांत बारावीच्या एकाही पोराने मला हा प्रश्न विचारला नाही. पोरांचा काय दोष? मी शिकवलंच तसं. हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाचा नियम फळ्यावर लिहायचो: प्रत्येक प्राणी वाढताना आपल्या पूर्वजांचा इतिहास पुन्हा गिरवतो. बेडूक आधी मासा, मग बेडूक. ऐकायला झकास. 1866 चा तो नियम, पोरांना पाठ होतो, परीक्षेत दोन मार्क मिळतात, आणि तो खरा नाही. बेडूकमासा हा कुणाचा पूर्वज नाही, तो बेडकाचंच लेकरू आहे, पाण्यात राहायला आणि शेवाळ खायला घडलेलं. गंमत म्हणजे आपल्या नियमात न बसणाऱ्या उदाहरणांसाठी हेकेलनेच 1875 मध्ये एक शब्द काढला: हेटेरोक्रोनी. मराठीत कालविषमता म्हणू. अवयवाची यायची वेळ पूर्वजात होती ती राहिली नाही, अलीकडे किंवा पलीकडे सरकली, असा अर्थ. हेकेलसाठी हा अपवादांचा कोपरा होता. पुढे गार्स्टांग, डी बीअर वगैरे जीवशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात त्याच कोपऱ्याला घराचा दिवाणखाना केला.

आमच्या अंगणात ते सरळ मांडून ठेवलेलं होतं. दोन्ही बेडूकच. दोघांना पाय तेच, शेपूट तीच, डोळे तेच. दोणीतल्याने मागचे कोंब चौथ्या आठवड्यात काढले, मागचे पाय पुरे व्हायला सहावा आठवडा उजाडला. पुढचे पाय त्याचे आत, कल्ल्यांच्या झाकणाखाली वाढत असतात, बाहेरून दिसत नाहीत. सातव्या आठवड्यात एके सकाळी डावं कोपर कातडी फाडून बाहेर आलं होतं, उजवं अजून आत. बंडीत एकच हात घातलेल्या पोरासारखा दिसत होता. मग चार दिवसांत शेपूट गडप. कुंडीतल्याने हे सगळं उलटसुलट करून, मधला शेवाळ खायचा अख्खा अध्याय गाळून, अंड्याच्या आतच उरकलं. त्यासाठी आईने बलकाची शिदोरी जास्त बांधून दिलेली, म्हणून अंडी मोठी आणि मोजकी. सव्विसाव्या दिवशी त्यातून शेपटीचा शेंडा बाकी असलेला पुरा बेडूक निघाला, माझ्या करंगळीच्या नखावर बसेल एवढा. सतरातले अकरा निघाले. बाकीच्यांना बुरशी लागली, लेन्सला लागली तशीच.

नवा अवयव एकही नाही. नुसतं वेळापत्रक बदललं आणि डबक्याची गरजच संपली. उताराच्या जंगलात, जिथे पाणी थांबतच नाही, तिथे राहायचा परवाना मिळाला. लेन्सचं कौतुक मला इथे करायचं आहे: ती वस्तू मोठी करते म्हणून नव्हे, तर रोज त्याच वेळी तेच बघायला लावते म्हणून. एक फोटो काढून ठेवला असता तर मला फक्त पाय दिसले असते. ते केव्हा आले हे दिसायला वही लागली.

बायकोचं यातलं योगदान वेगळंच. ती रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेते. मी नातीला सांगत होतो की बेडूकमाशाला ‘आता बदल’ असा हुकूम अवटू ग्रंथी देते, म्हणजे थायरॉईडच, गळ्यातली. पोरीने आजीच्या गोळ्यांच्या डब्याकडे असं बघितलं की मी डबा कपाटात ठेवला. तिच्या डोक्यात आलं ते 1912 मध्ये गुडरनाच नावाच्या माणसाने करून झालंय. त्याने बेडूकमाशांना प्राण्यांची अवटू ग्रंथी खायला घातली. त्यांची वाढ थांबली आणि त्यांना अकाली पाय फुटले, एवढेएवढेसे बेडूक झाले. आमच्या दोणीत हा प्रयोग होणार नाही असं मी जाहीर केलं. आजीने दुजोरा दिला, तिचं कारण गोळ्यांची किंमत.

याच्या उलट टोकाला अ‍ॅक्सोलॉटल. मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्कोच्या पाण्यातला सॅलॅमँडर, म्हणजे बेडकाचा शेपटीवाला लांबचा नातलग. त्याची अवटू ग्रंथी हुकूमच देत नाही म्हणा ना. मानेवर पिसांसारखे कल्ले तसेच, शेपटीचा पंख तसाच, राहणं जन्मभर पाण्यात, आणि त्याच बाळरूपात त्याला पोरं होतात. 1864 मध्ये पॅरिसच्या जार्डिन दे प्लांत या बागेत असे काही आले. ड्यूमेरिल म्हणून तिथे प्राध्यापक होते, ते त्यांना मोठी झालेली जनावरं समजून पाळत होते. पुढच्या वर्षी पिल्लं झाली आणि त्यातल्या काहींचे कल्ले झडले, जमिनीवर राहणारा वेगळाच प्राणी समोर उभा. ड्यूमेरिलना काय वाटलं असेल! वर्गात मी अ‍ॅक्सोलॉटल एका ओळीत उरकायचो. आता वाटतं, कुंडीतलं पिल्लू आणि अ‍ॅक्सोलॉटल शेजारीशेजारी शिकवायला हवे होते. एकाने बालपण अंड्यात गुंडाळून टाकलं, दुसऱ्याने ते संपूच दिलं नाही.

वेळेची आणखी एक करामत हवी तर साप घ्या. आमच्या माळ्यावरची धामण घ्या, शेजारी तिला मारायला निघतात आणि मी भांडायला निघतो. गर्भाच्या पाठीत मणक्यांचे गठ्ठे एकामागून एक पडत जातात, आत एक घड्याळ चालू असल्यासारखे. आपल्यात तेहतीस मणक्यांवर काम भागतं. कॉर्न स्नेक नावाच्या अमेरिकन सापावर 2008 मध्ये काम झालं, त्याला तीनशेवर पडतात. कारण वाढीच्या मानाने त्याचं घड्याळ पुष्कळ जलद टिकटिकतं, म्हणून गठ्ठे लहान आणि पुष्कळ. लांबलचक साप करायला तेवढं पुरतं. पायांची गोष्ट वेगळी, ती इथे नको.

पण मला सगळ्यात आवडलेला प्रसंग स्वयंपाकघरातला आहे. श्रावण संपला, चवथ झाली, आणि घरात मासे परत आले. लेपो, म्हणजे जिभेसारखे चपटे मासे, आणले होते. गोव्यात लेपो काय चीज आहे हे सांगायला नको. रवा लावून तव्यावर, काटा असा एकच, पोरंही खातात. ही ते साफ करत होती आणि मी क्लिप लावून मध्ये घुसलो. लेपोचे दोन्ही डोळे एकाच बाजूला असतात, हे जन्मभर ताटात बघितलंय. पण नऊ पट करून डोळ्यांमधली जागा बघा. तोंड वाकडं, जबडा एका बाजूला पिळलेला, कोणी घाईत शिवल्यासारखा. हा मासा जन्मतो तेव्हा चारचौघांसारखा असतो, एक डोळा इकडे, एक तिकडे, सरळ पोहतो. मग काही आठवड्यांचा असताना एक डोळा कवटीवरून चालत पलीकडे जातो आणि मासा तळाशी आडवा पडतो. हुकूम कोणाचा? पुन्हा तीच अवटू ग्रंथी. बायको म्हणाली, “म्हणजे ह्यालापण माझीच गोळी?” जवळजवळ.

डार्विनच्या विरोधकांनी या माशावर बोट ठेवलं होतं: डोळा अर्धाच सरकलेला असला तर त्याचा उपयोग काय? 2008 मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी इटलीतल्या बोल्का इथल्या, सुमारे पाच कोटी वर्षांच्या जीवाश्मांत असे मोठे झालेले मासे दाखवले, ज्यांचा डोळा निघाला होता पण पलीकडे पोचलाच नव्हता. आणि अजूनही आपल्या समुद्रात लेपोचा एक दांडगा, दातेरी भाऊबंद आहे, त्याचा डोळा डोक्याच्या माथ्यावरच थांबतो. म्हणजे आज लेपोचं पोर ज्या प्रवासातून काही दिवसांत जातं, त्यात वाटेतच थांबलेले तेव्हाही होते आणि आताही जगतायत. आपल्यालाच अर्धवट वाटतं. त्यांचं त्यात पोट भरतंय.

त्या दिवसापासून क्लिपच्या गादीला माशाचा वास आहे. लिंबू चोळून झालं, फरक नाही.

आता दुकानाची गोष्ट, कारण परीक्षण लिहायला बसलो ते खरं त्या रागाने. घेताना मी स्पष्ट विचारलं होतं, पावसात चालेल का. गल्ल्यावरच्या पोराने हात हलवून सांगितलं, “कांयच जावचें ना, सर.” वर सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी. ऑगस्टमध्ये बुरशी दाखवायला नेली, वाळपईहून म्हापसा, दोन बसा बदलून. तेव्हा गल्ल्यावर दुसरं कोणी होतं. त्याने लेन्स उजेडाकडे धरली आणि म्हणाला, “सर, हे तुम्ही पावसात वापरलंत.” म्हणजे गोव्यात जूनपासून मी ती कुठे वापरणं अपेक्षित होतं? बिल मागितलं तर बिलावर ‘मोबाईल सामान’ एवढंच लिहिलेलं. शंभर रुपये कमी करून नवी देतो म्हणाला. घेतली नाही. चूक माझीही आहे, तोंडी गॅरंटीवर विसंबायचं वय नाही माझं. दुकानाचं नाव इथे देत नाही, तशी दुकानं त्या रस्त्यावर ओळीने आहेत.

जुनीच वापरतोय. बुरशी एका कडेला आहे, आणि कडेचं तसंही नीट दिसत नव्हतं. स्प्रिंगला खोबरेल लावतो. रात्री लेन्स डब्यात, डब्यात नव्या बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेल्या त्या दमट शोषणाऱ्या पुड्या. हे पहिल्या दिवसापासून केलं असतं तर कोळी बसलाच नसता.

बेडूक बघायला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, उपदेश वाटला तर वाटो. हाताला ओडोमॉस किंवा सॅनिटायझर लावून अंडी, पिल्लं हाताळू नका, त्यांची कातडी सगळं शोषते. आणि पहिल्या पावसात पिवळेधमक झालेले मोठे बेडूक शेतात ओरडतात तेव्हा बॅटरी आणि पोतं घेऊन फिरणारी माणसं दिसली तर वनखात्याला फोन करा. ‘जंपिंग चिकन’ म्हणून ताटात जातं ते हेच, आणि त्याला कायद्याने बंदी आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी असंच पकडलं. “सर, तुम्हीच तर कापायला शिकवलंत,” म्हणाला. उत्तर सुचलं नाही. तेव्हा प्रॅक्टिकलला बेडूक कापायचे, खरंच.

तारे द्यायचेच तर वस्तूला तीन, दुकानाला एक. घ्यावी का? ज्याला फुलांचे, अंगठीचे फोटो काढून स्टेटसला लावायचेत त्याने घेऊ नये, आजकालच्या बऱ्या मोबाईलमध्ये तेवढं असतंच. ज्याच्या घरी दोण, कुंडी आणि शाळकरी पोर आहे त्याने मे महिन्यातच घ्यावी, जूनमध्ये उशीर होतो. घेताना दुकानातच कव्हर काढून लावून बघा, क्लिपच्या तोंडाला आतून रबर आहे ना ते बघा, आणि लेन्सची चूडी दोनदा फिरवून बघा. माझ्या लेन्सची चूडी आता एक आटा घसरते, म्हणून नातीने तिथे केसांचं रबर गुंडाळलंय, गुलाबी.